रतनबाईची रेकॉर्ड

"काका, ही एकदाही वाजलेली नाही?"

दिपालीने रेकॉर्ड दोन तळव्यांच्या कडांत अलगद धरली होती आणि दाराच्या उजेडात तिरकी करून ती बघत होती. काळ्या रंगावर एकही ओरखडा नव्हता. सकाळपासून तिने मुंजाजीच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या दीडशेक रेकॉर्डी अशाच बघितल्या होत्या आणि बहुतेक बाजूला ठेवल्या होत्या. लग्नाच्या मांडवांत वाजून वाजून त्यांच्या रेघा पांढुरक्या पडल्या होत्या. ही मात्र काल कारखान्यातून आल्यासारखी होती.

मुंजाजी बाजेवर बसून होता. 

"ह्याच रेकॉर्डची दुसरी एक आहे तुमच्याकडे, पण ती पार झिजलीय. मग ही कशी राहिली?"

"ऱ्हायली आसंल," मुंजाजी म्हणाला. "खाली दबून."

वत्सलाबाई आत चहा गाळत होती. नवऱ्याचं उत्तर ऐकून तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चहा कपात पडायला लागला.

दिपाली पुण्याहून आली होती. तिचं तिथे रेकॉर्डींचं दुकान होतं. वडवणीत मुंजाजी नावाचा जुना लाऊडस्पीकरवाला आहे आणि त्याने अजून रेकॉर्डी जपून ठेवल्यात, हे तिला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. नोकरीवाली तरुण पोरं आता पुन्हा रेकॉर्डी घेतात, मोबाईलवर लागेल ते गाणं मिळत असताना हाताने सुई ठेवून ऐकतात, जुन्या रेकॉर्डी पुन्हा छापून काढतात, असं ती सांगू लागली तेव्हा मुंजाजीला आधी ते खोटंच वाटलं. त्याचे भोंगे भंगारात जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली होती. रेकॉर्डी राहिल्या होत्या, कारण भंगारवाल्याने त्या घेतल्या नव्हत्या.

"काका, खरं सांगू? मी ह्या एकाच रेकॉर्डसाठी इतक्या लांब आलेय." तिने मोबाईल काढला. "कुणीतरी इंटरनेटवर टाकलीय. खूप खरखर आहे, पण ऐका."

खरखर झाली. एक डफ वाजला. मग त्या खरखरीतून एका बाईचा आवाज वर आला.

*पान्याखाली गेलं, माझ्या बापाचं गं घर*
*मासा बसला जाऊन, माझ्या आईच्या चुलीवर*

मुंजाजीने मान खाली घातली. हा आवाज त्याने चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. खोलीत आणखी कुणी येऊन बसल्यासारखं त्याला वाटलं.

"लोक वेडे झालेत ह्या आवाजामागे," दिपाली म्हणाली. "सगळे एकच विचारतात, ही बाई कोण. आणि लेबलवर बघा काय आहे." तिने वाचलं, "गायक, आप्पाराव सिरसाळकर आणि पार्टी. बाईचं नाव कुठेच नाही. तुम्ही तेव्हाचे माणूस. तुम्हाला माहीत असेल ना?"

वत्सलाबाई चहा घेऊन बाहेर आली. कप तिने दिपालीपुढे ठेवला, दुसरा नवऱ्यापुढे ठेवला आणि तिथेच खाली बसली.

"सांगा की," ती म्हणाली. "माझं लगीन होऊन आले तवापून ही रेकॉर्ड ट्रंकंत बगते मी. कुणाची हाय त्ये सांगा त्यान्ला."

मुंजाजीने कपाला हात लावला नाही.

"ती माझी न्हाई, ताई," तो म्हणाला. "ती रतनबाईची हाय. तिला द्यायची ऱ्हायलीय."

तरुणपणी मुंजाजीला एकच नाद होता, बोलायचा. सायकलच्या मागे रेकॉर्ड प्लेअर आणि अॅम्प्लिफायर, पुढे बॅटरी, गळ्यात भोंगा अडकवून तो गावोगाव जायचा. निंबाच्या फांदीला किंवा उंच बांबूला भोंगा बांधायचा आणि पहिली रेकॉर्ड लावायच्या आधी माईक तोंडाजवळ घ्यायचा. रेडिओवरच्या निवेदकांसारखं त्याने बोलणं बसवलं होतं. "आता ऐकू या," असं म्हणून गायकाचं नाव, वाद्यांची नावं, जे जे लेबलवर छापलेलं असेल ते तो वाचून दाखवायचा. दुसरे लाऊडस्पीकरवाले नुसत्या रेकॉर्डी वाजवत. मुंजाजी नावं पुकारतो म्हणून लोक त्याला बोलवत. सातवीपर्यंत शिकला होता. अक्षर वळणदार होतं.

आप्पारावची भारुडाची पार्टी तेव्हा जोरात होती. सिरसाळ्याचा हा माणूस उंच, पहाडी आवाजाचा, पटका बांधून उभा राहिला की बाया पोरं कडेवर घेऊन पुढे सरकायच्या. त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला माईक मुंजाजीचा. सन अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं आप्पारावला बोलावणं आलं. दोन बाजूंची छोटी रेकॉर्ड काढायची. एका बाजूला भारूड, आणि दुसऱ्या बाजूला बाईच्या आवाजात काहीतरी हवं, असं कंपनीचं म्हणणं होतं. आप्पारावच्या पार्टीत बाई नव्हती.

"माज्या बगण्यात एक हाय," मुंजाजी म्हणाला होता.

पालीच्या पुढे डोंगराच्या कडेला मेंढक्यांची वस्ती होती. तिथल्या एका लग्नात हळदीच्या वेळी एक पोरसवदा बाई जात्यावर गात होती. मुंजाजीने सहज म्हणून माईक तिच्याजवळ नेऊन ठेवला होता. तिला पत्ताच नव्हता, ती गातच राहिली, आणि तिचा आवाज भोंग्यातून निघून खाली बिंदुसरेच्या धरणावर गेला. मांडवातली माणसं उठून बाहेर आली होती. ती रतनबाई. हरिबा मेंढक्याची बायको. तिच्या बापाची जुनी वस्ती धरणाच्या पाण्यात गेली होती आणि त्या वस्तीच्या ओव्या तिच्या आईने बांधल्या होत्या. आईकडून त्या तिच्याकडे आल्या होत्या.

हरिबाला राजी करायला मुंजाजीला तीन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी हरिबा म्हणाला, "तुमी म्हणता तर येतो. पर मी बरुबर येणार." मेंढरं भावाच्या हवाली करून नवराबायको एस्टीत बसले.

मुंबईत रतनबाई बुटकी म्हणून तिला लाकडी खोक्यावर उभं केलं. काचेच्या पलीकडच्या माणसाने हात वर केला की गायचं, असं सांगितलं. पहिल्यांदा तिने हात वर केलेला बघितला आणि ती गप्पच राहिली. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटले. मुंजाजी दाराजवळ उभा होता. ती संपवून खाली उतरली तेव्हा काचेपलीकडचा माणूस बाहेर आला आणि त्याने तिला पाण्याचा पेला दिला.

मग एकाने छापील कागद आणला. लेबलवर काय नाव टाकायचं ते लिहून द्या म्हणाला. आप्पारावने कागद मुंजाजीकडे सरकवला.

"लिव. गायक, आप्पाराव सिरसाळकर आणि पार्टी."

"आन् रतनबाईचं?"

"पार्टीत आलीच की ती," आप्पाराव म्हणाला. "हिचं येगळं नाव टाकलं तर उद्या माझ्यापरीस हिलाच बोलवतील. तुला माझे कार्यक्रम करायचे हायेत का न्हाईत?"

मुंजाजीने लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

परतीच्या एस्टीत हरिबा झोपला होता. रतनबाई खिडकीजवळ बसली होती. मुंजाजी पुढच्या बाकावर होता. तिने मागून हळू विचारलं, "भाऊ, माजं नाव लिवलं का वो त्या कागदावर?"

"लिवलं," मुंजाजी म्हणाला.

"काय लिवलं?"

"रतनबाई हरिबा, मुक्काम पाली."

ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. नंतर मुंजाजीला वाटायचं, तिने आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांनी रेकॉर्डी आल्या. कंपनीने एक आप्पारावला दिली होती, एक रतनबाईला, दोन पार्टीला. पार्टीच्या दोनांतली एक मुंजाजीने वाजवायला घेतली. रतनबाईची त्याच्याच हातात दिली होती, तू पोचव म्हणून. ती घेऊन तो एकदा पालीपर्यंत गेला. रतनबाईला वाचता येत नव्हतं, पण हरिबाचा पुतण्या शाळेत जात होता, तो लेबल वाचून दाखवणार होता. मुंजाजी स्टँडवर चहा पिऊन परत आला. पुढच्या आठवड्यात देऊ म्हणाला, मग पुढच्या महिन्यात. मग कॅसेटी आल्या. मग माईकवाल्याला कुणीच बोलवेना. तो उसाच्या कारखान्यावर चौकीदार झाला आणि म्हातारा झाला.

दिपालीने हे सगळं ऐकून घेतलं. तिचा चहा निवला होता.

"आजी आहेत अजून?"

"आसंल," मुंजाजी म्हणाला. "गेल्याचं कानावर न्हाई."

"मग चला," ती म्हणाली. "गाडी आहे माझी."

तो लगेच उठला नाही. वत्सलाबाईनेच त्याचा सदरा खुंटीवरून काढून त्याच्या मांडीवर टाकला.

वस्ती होती तिथेच होती. कुडाच्या जागी विटांची दोन घरं झाली होती, वर पाण्याची काळी टाकी. खाली लांब धरणाचं पाणी दिसत होतं, उन्हाने पातळ झालेलं. रतनबाई पडवीत बसून एका करडाला बाटलीने दूध पाजत होती. केस पांढरे, अंग वाळलेलं, कपाळावरचं गोंदण हिरवंच.

"रामराम, रतनबाई," मुंजाजी म्हणाला. "वळखलं का?"

तिने मान वर केली. चेहऱ्यावरून तिला लागलीच ओळख पटली नसावी.

"पुन्यांदा बोला," ती म्हणाली.

"रामराम म्हणलं."

"भोंगेवाले मुंजाजी," ती म्हणाली. "बसा. हरिबा गेले, बारा वर्सं झाली. कळलं आसंल."

त्याला कळलं नव्हतं. तो बसला. दिपाली थोडी मागे बसली. रतनबाईच्या नातसुनेने, स्वप्नाने, पाणी आणून दिलं आणि ती आत गेली.

मुंजाजीने पिशवीतून रेकॉर्ड काढली. वाटभर त्याने बोलायचं ठरवलं होतं, माईकवर बोलायचा तसं, नीट वाक्य करून. तोंडात एकही वाक्य राहिलं नव्हतं.

"ही तुमची हाय. कंपनीनं तवाच दिलती. मी दिली न्हाई."

"कावून?"

"हिच्यावर तुमचं नाव न्हाई. एष्टीत तुमी इचारलं तवा लिवलं म्हणलो मी. लिवलं नव्हतं. त्यो कागद मीच भरलता, माज्या हातानं."

करडू बाटली ओढत होतं. दूध संपल्यावर ते तिच्या पदराचं टोक चघळायला लागलं. तिने ते सोडवून घेतलं नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

मुंजाजी बघत राहिला.

"ह्यांच्या चुलतभावाच्या पोरीचं लगीन व्हतं, खालच्या गावात. तुमचा भोंगा चिचंवर बांधलेला. मी बायांत बसलेवते. तुमी माईक घेतला आन् म्हणलात, आता ऐकू या, आप्पाराव सिरसाळकर आन् पार्टी. आन् मीच गायला लागले वरून. शेजारची म्हणली, रतने, तुज्यासारकाच आवाज हाय की गं. मी म्हणलं, माजाच हाय. सगळ्या हासल्या. म्हणल्या, त्यानं आत्ताच नाव सांगितलं की, बहिरी हायेस का तू." ती थांबली. "मी उठून तुमच्याकडं आलेवते. भोंग्याच्या झाडापशी. तुमी मला बगितलं."

मुंजाजीने बघितलं होतं. तिला येताना बघून तो अॅम्प्लिफायरवर वाकला होता आणि काही बिघाड नसताना तारा घट्ट करत बसला होता. मान वर केली तेव्हा ती गेलेली होती. ते तिला कळलं नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

"तवाच भांडायचं व्हतं माज्याशी," तो म्हणाला.

"कशानं भांडू? भोंगा तुमच्याजवळ व्हता. माज्याजवळ निसतं तोंड."

 मग दिपाली पुढे सरकली. तिने सगळं समजावून सांगितलं. ही रेकॉर्ड पुन्हा काढायची आहे, पाचशे प्रती. शहरातले लोक त्या घेतील. त्यासाठी न वाजलेली प्रत हवी, म्हणजे आवाज स्वच्छ येईल. तुमच्या परवानगीशिवाय मी हिला हात लावणार नाही, आजी.

"आन् नाव?" रतनबाईने विचारलं.

"तुमचं नाव आत छापील कागदावर येईल. तुमची माहिती, फोटो, सगळं."

"आत. आन् वरती?"

दिपाली घुटमळली. "वरचं लेबल जुन्या रेकॉर्डसारखंच ठेवतात, आजी. घेणाऱ्यांना ते हुबेहूब लागतं. तेवढ्यासाठीच ते घेतात. आणि रेकॉर्डचे हक्क कंपनीकडे आहेत."

"म्हणजी वरती आप्पारावच."

"वरती आप्पाराव."

रतनबाईने रेकॉर्ड पाकिटातून काढली नाही. तिने पाकिटावर हात फिरवला, पोत बघावा तसा.

"मंग ज्याचं वरती नाव हाय त्याचाच आवाज घ्या," ती म्हणाली. "माजा ऱ्हाऊ द्या. आतल्या कागदावरबी नको."

"आजी, आप्पाराव तर कधीच वारले."

"मंग थांबा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानात एखादी वस्तू नाही म्हणून सांगावं तसं ते होतं.

निघताना मुंजाजी पडवीच्या पायरीशी थांबला. त्याला काहीतरी मागायचं होतं, पण माफी हा शब्द त्याला फार मोठा वाटला, पुस्तकातला.

"अजून गाता का?" त्याने विचारलं.

"त्या लग्नापून न्हाई. जात्यावरबी न्हाई. म्हणलं, पुन्ना कुणी म्हणायचं आप्पारावचं गानं म्हणती." तिने करडाला खाली उतरवलं. "आईच्या साठ-सत्तर ओव्या व्हत्या मला येत. लेकीला एक दिली न्हाई. आता आठवाया बसले तर चार येत्यात."

परतताना दिपाली गाडी चालवत होती. मुंजाजी खिडकीतून बाहेर बघत होता. साठ-सत्तर, त्याच्या मनात येत होतं. रेकॉर्डवर पाचच होत्या.

दिपाली तशी भली पोरगी होती. तिने तिथेच सोडून दिलं नाही. लेबलावर नाव बदलता येईल का म्हणून तिने कंपनीला लिहिलं, दोनदा मुंबईला जाऊन आली. एक दिवस तिचा फोन आला.

"काका, ते म्हणतात, कागद दाखवा. त्यांच्या जुन्या फायलीत तेव्हाचा फॉर्म निघालाय. मी फोटो पाठवलाय."

मुंजाजीने मुलाकडून फोटो मोठा करून घेतला. पिवळा पडलेला कागद. आणि त्यावर त्याचं स्वतःचं अक्षर, सव्वीस वर्षांच्या हाताचं, काना-मात्रा जिथल्या तिथे. गायक, आप्पाराव सिरसाळकर आणि पार्टी.

"मी दुसरं लिवून देतो," तो फोनवर म्हणाला. "तवाचं खोटं हाय म्हणून लिवतो, आंगठा-सही, काय म्हणतील त्ये."

"विचारलं मी. ते म्हणतात, तुम्ही कोण? तुमचं नाव ह्यात कुठेच नाही."

दिवाळी झाल्यावर कुरिअरने एक चौकोनी खोकं आलं. कोल्हापूरच्या कुणा शौकिनाकडे बऱ्यापैकी प्रत मिळाली होती, तिच्यावरून कंपनीनेच रेकॉर्ड काढली होती. दिपालीने त्यातून अंग काढून घेतलं होतं, पण एक प्रत विकत घेऊन तिने मुंजाजीला पाठवली होती. जाड, गुळगुळीत, नव्या वासाची. लेबल हुबेहूब. आतल्या कागदावर आप्पारावचा पटका बांधलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की स्त्रीस्वर पार्टीतील एका अज्ञात कलावतीचा आहे. सोबतच्या चिठ्ठीत दिपालीने लिहिलं होतं, आठ दिवसांत सगळ्या प्रती संपल्या.

मुंजाजीने ती रेकॉर्ड कुठेच ठेवली नाही. म्हणजे कुठे ठेवावी ते त्याला कळेना. दोन दिवस ती खोक्यातच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी त्याने माळ्यावरून आपला जुना रेकॉर्ड प्लेअर खाली काढला. आतलं रबरी चाक कडक झालं होतं, ते त्याने पॉलिश पेपरवर घासून घासून मऊ केलं. मोटरीत तेल सोडलं. सुई बोथट होती. त्याने दिपालीला फोन करून सुई मागवली.

"कुठली रेकॉर्ड लावणार?" तिने विचारलं.

"बगू," तो म्हणाला.

सुई आल्यावर तो सकाळच्या एस्टीत बसला. प्लेअर मांडीवर, पायाशी बॅटरी, अॅम्प्लिफायर आणि एक लहान स्पीकर. वत्सलाबाईने पिशवीत भाकरी बांधून दिली होती. बीडच्या स्टँडवर एका कंडक्टरने हे काय आहे म्हणून विचारलं, त्याला तो गाण्याची मशीन म्हणाला.

तो वस्तीवर पोचला तेव्हा दुपार कलत होती. मेंढरं वाड्यात होती. रतनबाईने त्याला आणि त्याच्या सामानाला बघितलं.  त्याने पडवीत प्लेअर मांडला, तारा जोडल्या, आणि मग नव्या रेकॉर्डची हकीकत तिला सांगितली. फॉर्मची, फोटोची, अज्ञात कलावतीची, सगळी. काही झाकलं नाही.

"म्हणजी पुन्ना तसंच झालं," ती म्हणाली.

"पुन्ना तसंच."

"आन् ही मशीन?"

"तुमची रेकॉर्ड तुमी कवा ऐकलीच न्हाई. भोंग्यातून आलेलं येगळं. म्हणलं, जवळून ऐकावी."

ती आत गेली. बराच वेळ आली नाही. मुंजाजीला वाटलं, तिने नाही म्हणायचं ठरवलं. मग ती फडक्यात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन बाहेर आली.

"वाजवल्यावर ही झिजती म्हणली व्हती ती पोरगी."

"झिजती. जरा."

"झिजू द्या."

त्याने सुई ठेवली. खरखर आली नाही. डफ वाजला, इतका जवळ की स्वप्ना पोळीचं पीठ लागलेल्या हाताने बाहेर आली. मग आवाज आला. बावीस वर्षांची बाई, डोळे मिटून, खोक्यावर उभी राहून गात होती. श्वास घेतलेला ऐकू येत होता. भोंग्यातून हे मुंजाजीला कधी ऐकू आलं नव्हतं.

शेजारच्या घरातल्या दोन बाया येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"कोण गातंय वो?" स्वप्नाने मुंजाजीला विचारलं.

 रतनबाई मुंजाजीकडे बघत नव्हती, फिरणाऱ्या रेकॉर्डकडे बघत होती. मुंजाजी उठून उभा राहिला. गुडघ्यावर हात टेकून त्याला उठावं लागलं.

"गायिका," तो म्हणाला. त्याने घसा साफ केला. "गायिका, रतनबाई हरिबा. मुक्काम पाली."

"आमच्या आजी?" स्वप्ना म्हणाली आणि तिला हसू आलं. मग तिने आजेसासूच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. पिठाचे हात तसेच ठेवून ती उंबऱ्यात बसली.

तिसऱ्या ओवीला रतनबाईचे ओठ हलायला लागले. आधी नुसते ओठ, मग बारीक आवाज, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. दोन ओळी ती रेकॉर्डबरोबर चालली. पुढच्या ओळीला चढ होता. रेकॉर्डमधली बाई सहज वर गेली. रतनबाईने तोंड उघडलं, मान ताणली, आणि आवाज आलाच नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. तोंड मिटून घेतलं आणि उरलेल्या ओव्या तिने ऐकल्या.

गाणं संपल्यावर सुई आतल्या रेघेत गोल गोल फिरत राहिली. मुंजाजीने ती उचलली.

"दुसऱ्या बाजूला काय हाय?" तिने विचारलं.

"आप्पाराव. भारूड हाय."

"मंग ऱ्हाऊ द्या," रतनबाई म्हणाली.

वाड्यात करडं ओरडायला लागली होती. पाण्याची वेळ झाली होती. ती भिंतीला धरून उठली, बादली घेतली आणि टाकीच्या नळाखाली लावली. स्वप्ना उंबऱ्यातून उठून तिच्यापाशी गेली आणि बादली भरेपर्यंत शेजारी उभी राहिली.

"आजी," तिने हळूच विचारलं, "त्या दिशी पायरीशी म्हणलात, चार ओव्या येत्यात. त्या कुठल्या?"

रतनबाईने नळ बंद केला. बराच वेळ ती आठवत राहिली.

"तीन," ती म्हणाली.